खालची ओळ

टिश्यूचं पुडकं. निळसर प्लास्टिकमधलं, एका कोपऱ्यात फाडलेलं, त्यातून एक पांढरं टोक डोकावणारं — आणि तेही टेबलाच्या बरोबर मधोमध, पूजेला मांडल्यासारखं. भोवती चार खुर्च्या. चारही रिकाम्या, म्हणजे वरून पाहिलं तर रिकाम्या. हातातला ट्रे सावरत शैला तिथे उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, या क्षणी एखादा उपग्रह बेडोकच्या या हॉकर सेंटरवरून, खाण्याच्या गाळ्यांच्या या बाजारावरून, चालला असेल, आणि समजा वर छप्पर नसेल, तर तो या टेबलाची नोंद काय करील? मोकळं, अशी करील. खुशाल या, बसा. आणि मग पलीकडच्या रांगेतून कुणी चिनी आजी नूडल्सचा वाडगा घेऊन येईल, एक शब्द बोलणार नाही, नुसती समोर उभी राहून बघेल… इतकी बघेल, की बसणाऱ्याला आपण खुर्चीवर नाही, कुणाच्या तरी मांडीवर बसलोय असं वाटायला लागेल.

हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. या देशात थुंकण्याला, च्युइंगमला, खाऊन झाल्यावर ट्रे उचलून न ठेवण्याला कायदा आहे. पुडक्याला नाही, आणि बहुधा म्हणूनच तो कुणी मोडत नाही. शैलानेही अकरा वर्षांत कुणाचं पुडकं हलवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःचंही कधी कुठे ठेवलं नव्हतं — पर्समध्ये ते कायम असायचं, पण टेबलावर ठेवून ‘ही जागा माझी’ म्हणत खुशाल निघून जायचं, हे काही जमायचं नाही. ती उभी राहायची. कुणीतरी उठेल, मग आपण बसू. आजही ती खांबाला टेकून उभ्यानेच कॉफी प्यायली. काळी, बिनसाखरेची, बर्फ घातलेली. पेल्यात बर्फाचे चार-पाच खडे, त्यातला एक जरा वर आलेला. साधारण दहावा हिस्सा वर, बाकी सगळा खाली. ती त्याच्याकडे पाहत राहिली. सवय. नवऱ्याच्या मते रोग.

कारण शैला बर्फ मोजते. विषुववृत्ताच्या उंबऱ्यावर बसून, रॅफल्स प्लेसच्या एका उंच इमारतीत, खांद्यावर शाल घेऊन — एसीमुळे, ध्रुवामुळे नव्हे — ती उत्तरेच्या टोकाकडचा समुद्रावरचा बर्फ मोजते. त्याची उंची. लोकांना ही थट्टा वाटते. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी विचारतंच, ‘काय, आहे का अजून शिल्लक?’ आणि ती दर वर्षी सांगते, ‘आहे, आहे. तुम्ही जेवून घ्या.’ शिल्लक आहे तोवर त्यातून जहाजं कशी न्यायची हे सांगणारी तिची कंपनी. आणि नाही उरला तर कंपनीचं काय, हा प्रश्न वार्षिक सभेत कुणी विचारत नाही.

तर आज त्यातलंच एक जहाज. माल भरून, नाक उत्तरेला करून एका सामुद्रधुनीच्या तोंडाशी थांबलेलं. कंपनीच्या नकाशावर ती सामुद्रधुनी या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी — मोकळं पाणी, मधे कुठे बर्फाची पातळ चाळण, त्यातून वाट आहे. दुपारी जहाजवाल्यांबरोबर कॉल. कॉलवर नकाशा दाखवायचा आणि जहाजाने हलायचं. आणि शैलाला कालपासून माहीत होतं, की ते पाणी समुद्राचं नाही. ते बर्फावरचं पाणी आहे.

…एमआरटीच्या गाडीत उभ्याउभ्या, दांड्याला धरून, तिने ते पुन्हा एकदा स्वतःला समजावून पाहिलं, कारण दुपारी ते अशा माणसांना समजवावं लागेल ज्यांना समजून घ्यायचं नाही, आणि असं समजावणं सगळ्यात सोपं करून ठेवावं लागतं. उपग्रह वरून हिरवा किरण सोडतो. किरण जमिनीला, म्हणजे इथे बर्फाला, लागून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून उंची. ठीक. पण उंची कशापासून? समुद्रापासून. आणि समुद्र कुठे दिसतो? बर्फाला भेगा पडतात तिथे. भेगेतलं काळं पाणी म्हणजे शून्य, तिथून वर बर्फ किती उभा आहे ते बघायचं, त्यावरून तो खाली किती बुडालेला आहे त्याचा हिशेब. हिवाळ्यात हे सरळ असतं. पांढरं ते बर्फ, काळं ते पाणी, शहाण्या मुलासारखं. जुलै आला की सगळं बिघडतं. बर्फ वरून वितळायला लागतो आणि त्याच्याच पाठीवर डबकी साचतात, हजारो, लाखो, एकमेकांत मिसळत जाणारी, आणि वरून पाहिलं तर काळी. भेगेइतकीच काळी. मग त्या डबक्याला जर तुम्ही समुद्र समजलात, तर तुमचं शून्यच वर चढलं. आणि शून्य वर चढलं की बर्फ आपोआप बुटका. जितकी डबकी जास्त, तितका बर्फ कागदावर पातळ. आणि प्रत्यक्षात त्या डबक्याच्या खाली दोन पुरुष उंचीचा…

फोन थरथरला. शिरीष.

“पोचलीस?”

“नाही. पाया लेबार स्टेशन.”

“तुझा डबा ओट्यावरच राहिलाय.”

“मुद्दाम ठेवला. तू खा.”

“मी म्हणजे डिपेंडंट. मला तुझ्यावर अवलंबून राहायचं असतं, डब्यावर नाही.” तो हसला. हा विनोद त्याने मार्चपासून पुष्कळदा केला होता, मार्चमध्ये त्याच्या बँकेने त्याला आणि त्याच्या सगळ्या मजल्याला एकाच मेलने मोकळं केलं तेव्हापासून. तेव्हा त्याचा स्वतःचा, इथे राहून काम करण्याचा पास गेला आणि तो शैलाच्या पासवर आला, लेक गार्गी आली, बेडोकचं भाड्याचं घर आलं. “बरं, प्रबोधला विचारलंस का? पासच्या नूतनीकरणाचं?”

“विचारते.”

“नाही, घाई नाही. नोव्हेंबरात गार्गीची परीक्षा आहे एवढंच.”

“शिरीष, मला माहितीये गार्गीची परीक्षा कधी आहे ते.”

“हो, ते आहेच,” तो म्हणाला. तेवढ्यात गाडी बोगद्यात गेली म्हणून दोघांचंही बरं झालं.

अंधाऱ्या काचेत स्वतःचा चेहरा. पन्नाशी उलटलेली बाई, कपाळावर टिकली, कानात पांढऱ्या तारा. त्या चेहऱ्यामागून ते निळं येतं, नेहमी असंच येतं, न बोलावता… बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचं, नॉर्वेच्या जहाजावरून बर्फावर उतरवलेलं ते शिकाऊ टोळकं, त्यात लाल पोशाखातली एक किडकिडीत मुलगी, हातात खुणा केलेली काठी. सरळ रेषेत चालायचं, वाटेत डबकं आलं तर त्यातूनच, वळसा घालायचा नाही; काठी तळाला टेकवायची आणि खोली ओरडून सांगायची, मागचा लिहून घेणार. निळं म्हणजे असं निळं, की ते पाणी नसून कुणीतरी आतून दिवा लावलाय असं वाटावं. पहिलं डबकं घोट्यापर्यंत, दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसऱ्यात ती पाय टाकणार तोच तिच्या मागच्या माणसाने मानगूट धरून तिला मागे ओढलं. त्याने काठी खाली सोडली. काठी गेली. गेलीच, टेकलीच नाही. शेजारी शेजारी दोन डबकी, एकाच आकाराची, एकाच रंगाची, आणि त्यातलं एक हजारो फूट खोल. तो माणूस रागावला नाही. नुसतं म्हणाला, आधी काठी, मग पाय. मग काठी पाण्यावर परत उसळून येईपर्यंत दोघं तिथे उभे राहिले, बसची वाट बघितल्यासारखे.

ऑफिसात अंकुरने आल्या आल्या नकाशा दाखवला. अंकुर वाकडचा, दोन पदव्या, गेल्या वर्षी बाप झालेला, आणि बाप झाल्यापासून ज्याला कुठलीही गोष्ट अस्ताव्यस्त चालत नाही असा. मॉडेल त्याचं.

“बघा ना मॅम, किती क्लीन आलंय.”

“क्लीनच आहे. म्हणूनच काल मी मूळचं उघडून बघितलं.”

“हो, कळलं मला,” तो जरा अडखळला. “लॉगमध्ये दिसलं.”

मूळ नोंदीत पाण्याच्या पृष्ठभागाची एक ठळक ओळ होती, आणि तिच्याखाली, हातभर खाली, कधी मांडीभर खाली, दुसरी. फिकी, तुटक, कुणीतरी पेन्सिलीने ओढून खोडरबराने अर्धी पुसलेली असावी तशी. हिरवा किरण पाण्यात शिरतो. समुद्र असेल तर तो शिरून हरवतो. पण खाली तळ असला तर त्यातले थोडे कण तळाला आपटून परत येतात आणि सांगतात, इथे तळ आहे. सामुद्रधुनीच्या अर्ध्याअधिक भागात ती खालची ओळ होती. अंकुरने ती काढून टाकली होती. मुद्दाम नव्हे, वाईट हेतूने तर मुळीच नव्हे. त्याचं मॉडेल एका जागी एकच उंची मानणारं, दोन उंच्या आल्या की त्याचा गोंधळ उडायचा, म्हणून फिकी असेल ती कचरा. घरी पाहुणे यायचे असले की आपण जसं पसाऱ्याचं सामान पलंगाखाली सरकवतो, तेवढ्याच निरागसपणे.

“तो नॉइज आहे असं सरांचं पण मत पडलं,” अंकुर म्हणाला.

सर म्हणजे प्रबोध. वयाने शैलापेक्षा चार वर्षांनी लहान, हुद्द्याने बराच मोठा, मंडळाचा सांस्कृतिक सचिव आणि दर वर्षीच्या एकांकिकेत इन्स्पेक्टर. मुंबईत बँकेत होता, मग इथे बँकेत, मग बँकेला कंटाळून बर्फात. तो इंग्रजीत तिला शैला म्हणायचा आणि मराठीत शैलाताई. पहिली काही वर्षं तिला यातला फरक कळला नव्हता. मग लक्षात आलं, काम सांगायचं असलं की इंग्रजी, आणि करवून घ्यायचं असलं की मराठी.

“शैलाताई,” साडेअकराला दारातून प्रबोध म्हणाला, “आज जेवायला खाली जाऊ या. मी धरतो जागा.”

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, माणसाला माणूस लागत असताना, पंख्याखालचं दोघांचं टेबल मोकळं होतं आणि त्यावर प्रबोधचं व्हिजिटिंग कार्ड, उडू नये म्हणून वर चमचा ठेवलेलं. टिश्यूचं पुडकं ठेवणारी माणसं वेगळी आणि कार्ड ठेवणारी वेगळी. गुरुवार असल्यामुळे प्रबोध सात्त्विक होता. त्याने तोफू आणि पालेभाजीचं सूप आणलं होतं.

“बसा. अंकुरची फाइल परत उघडलीत म्हणे तुम्ही.”

“त्याने एक ओळ काढलीये.”

“नॉइज होता तो.”

“बर्फ होता तो.”

प्रबोध हसला. तो छान हसायचा. इन्स्पेक्टरचं काम त्याला देणं ही मंडळाची चूक होती. “अहो, पण तो दुसरा मायक्रोवेव्हवाला पण मोकळंच दाखवतोय. दोन दोन उपग्रह खोटं बोलतात?”

“खोटं नाही बोलत. दोघंही वरूनच बघतात.”

“बरं. आणि आपण?”

समोर तोफू थरथरत होता.

“हे बघा, तुम्ही खोटं बोला असं मी म्हणतोय का? कधी म्हटलंय? तुम्ही काही बोलूच नका. शेवटी ते तुम्हाला विचारतील, आइस डेस्क, एनी कॉमेंट्स, तर नेहमीचं म्हणायचं, नथिंग टू ॲड. संपलं. जबाबदारी मॉडेलची.”

“मॉडेलची.”

“मग? मॉडेलला काय पास लागतो?” स्वतःच्याच विनोदावर तो पुन्हा हसला, आणि सूप ढवळत, जणू सुपातूनच ते वर आलं, म्हणाला, “अरे हो. तुमच्या पासचं आलंय माझ्याकडे. आज-उद्या पुढे पाठवतो. शिरीषरावांचं कसं, जमतंय का कुठे? आमची मीनल विचारत होती कालच. शिवाय गार्गीचं मोठं वर्ष, नाही का यंदा. आमच्या रुचिरच्या वेळी आम्ही दोघं अर्धे झालो होतो… घ्या ना, हे मश्रूम चालतात गुरुवारी.”

हे सगळं एका दमात, मायेने. यातली धमकी वेगळी काढून दाखवा म्हटलं असतं तर कुठल्याही न्यायालयाला ती सापडली नसती. वरून पाहिलं तर नुसती आपुलकी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी. शैलाने एक मश्रूम घेतलं. चावताना तिच्या लक्षात आलं, आपल्याला भीती वाटतेय. आणि दुसरं असं लक्षात आलं, की गेल्या मार्चपासून ती कायमच वाटतेय, फक्त रोजची झाल्यामुळे तिची उंची कुणी मोजत नव्हतं. रोज सकाळी उठायचं ते त्या पासावरून. शिरीषशी बोलायचं ते त्याच्यावरून, घरमालकिणीला हसायचं ते त्याच्यावरून, मीनलच्या भिशीत नकोशा साड्यांचं कौतुक करायचं तेही त्याच्यावरून. सगळं तिथून मोजलेलं, आणि तिथून मोजलं की आपण भरतो केवढ्या, तर एवढ्याशा… आता इथे एक बरी उपमा तयार होत होती, तिला कळलं. शिरीषच्या हाती लागली असती तर त्याने ती संध्याकाळपर्यंत लिंक्डइनवर टाकली असती. तिने ती मश्रूमबरोबर गिळून टाकली.

“मीनलला सांगा, विचारलंय म्हणून,” ती म्हणाली.

दुपारभर तिने ती खालची ओळ पाहिली. एकदा, पुन्हा एकदा, वेगळ्या बाजूने, वेगळ्या दिवसाची. आपण चुकत असलो तर बरं होईल, असं वाटण्याइतकी ती प्रामाणिक होती. चुकत असलो तर ‘नथिंग टू ॲड’ म्हणून साडेसहाची गाडी पकडता येईल, घरी जाऊन वरण-भात लावता येईल. ओळ होती. नाहीशी होत नव्हती. जिथे खरीच भेग होती तिथे मात्र ती थांबायची, आणि तेच सगळ्यात वाईट, कारण कचरा असा जागा बघून थांबत नाही. कचरा सगळीकडे असतो. हे तळ असलेलं पाणी होतं, आणि तिथून बर्फ मोजला तर सामुद्रधुनीच्या मध्यावर तो त्या जहाजाच्या पत्र्याला झेपण्यासारखा नव्हता. जहाज वाटेत थबकेल, मग बर्फ दोन्ही बाजूंनी सरकेल, हळूहळू, कुणाशी वैर नसल्यासारखा…

कॉलला काचेच्या खोलीत तिघं: प्रबोध, अंकुर, ती. पडद्यावर जहाज कंपनीच्या मिसेस लिम, चष्मा कपाळावर चढवलेला. आणि एका काळ्या चौकोनात जहाजावरचा कप्तान. त्याचा चेहरा नव्हता, नुसता त्याच्या खोलीतला घरघराट येत होता, खाली कुठेतरी इंजिन चालू असल्याचा. आजवर कप्तान कधी कॉलवर नसायचा. शैलाला वाटलं, तो नसता तर कदाचित जमलं असतं. घरघराट नसता तर.

प्रबोधने नकाशा दाखवला. छान बोलला. अंकुर दोन वाक्यं बोलला, त्यातलं दुसरं त्याने पूर्ण केलं नाही. मिसेस लिम म्हणाल्या, ओके, ओके, लुक्स गुड. मग तो प्रश्न आला, नेहमीसारखा, कुणी उत्तराची वाट न बघता विचारतात तसा — आइस डेस्क, एनीथिंग? प्रबोधचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेलाच होता.

तीन शब्द. तोंडात तयार असतात, ‘नमस्कार’सारखे, बाहेर पडतात आणि मग आपण काय म्हणालो ते आठवत नाही. ती ओठ उघडते, आणि तिच्या पायांना — खरोखरच पायांना, ऑफिसच्या चपलेतल्या — गार लागतं. मांडीपर्यंत. चौथं डबकं. तिसऱ्यानंतर घाबरून सगळे थांबले होते आणि मी म्हटलं होतं, मी जाते. आधी काठी. काठी टेकली. मग पाय. पाणी चढत गेलं, गुडघा, मांडी, आणि पायाखाली ते होतं, टणक, किंचित खरखरीत, टाकी लावलेल्या पाट्यासारखं. त्याखाली समुद्र. मी वाकून ओंजळभर पाणी प्यायले, गोडं होतं. समुद्राच्या डोक्यावर मी गोड्या पाण्यात उभी होते आणि बर्फाने मला धरलं होतं, आणि वर आकाशातून जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, इथे काही नाही, इथे नुसतं पाणी आहे.

“आय हॅव समथिंग टू ॲड,” मी म्हणाले.

मग पाच-सात मिनिटं शैला बोलली. सकाळी एमआरटीत घोकून ठेवलेलं सगळं जसंच्या तसं आलं. हे समुद्राचं पाणी नाही, हे बर्फावरचं पाणी आहे. याला तळ आहे, तो आम्हाला दिसतो, तो आम्ही नकाशातून काढून टाकला. ‘आम्ही’ असं म्हणाली ती, ‘अंकुरने’ असं नाही. ही वाट मोकळी आहे असं माझं मत नाही, आणि ते माझं मत म्हणून टिपून घ्या. प्रबोध मधे एकदा म्हणाला, शैला इज बीइंग व्हेरी कन्झर्व्हेटिव्ह, आणि ती म्हणाली, नाही, मी त्या पाण्यात उभी राहिलेय. मिसेस लिमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

घरघराटातून आवाज आला. जाडा, सावकाश, उच्चारावरून कोकणी किनाऱ्यावरचा असेल नाहीतर फिलिपिनो, कळलं नाही. “मॅडम. किती खोल होतं?”

“इथपर्यंत,” शैलाने मांडीवर हात ठेवून दाखवलं. कॅमेऱ्यात टेबलाखालचं काही दिसत नव्हतं. तिला ते कळलं असूनही हात तिथेच राहिला.

“आणि खाली घट्ट?”

“घट्ट.”

“हं,” तो म्हणाला. मिसेस लिम म्हणाल्या, ओके, आम्ही आपसात बोलून कळवतो. आणि चौकोन एकेक करून मिटले, घरघराट सगळ्यात शेवटी.

खोलीत एसीचा आवाज उरला. प्रबोधने झाकण लावलं, अगदी हळू, मूल झोपलेलं असल्यासारखं. चिडला असता तर सोपं होतं. तो म्हणाला, “शैला, व्हाय डोन्ट यू टेक द रेस्ट ऑफ द डे. वुई विल टॉक टुमॉरो.” आणि गेला. शैला. खोलीत तिघंच मराठी माणसं असतानाही गळलेला तो ‘ताई’ तिने टिपून घेतला, एरवी उंची टिपते तसा, भावना न मिसळता. त्याचा अर्थ काय ते नंतर बघू.

अंकुर उभा होता. त्याने दोनदा खुर्ची आत सरकवली, आत असलेलीच.

“मॅम, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत.”

“ते सोड.”

“ती ओळ… मी परत घालू का?”

“तुला दिसतेय ना?”

“आता दिसतेय म्हणजे… हो. दिसतेय.”

“मग मला काय विचारतोस.”

घरी जायला लवकर होतं. इतक्या लवकर घरी गेलं तर शिरीष दार उघडतानाच ओळखेल, आणि दारात उभं राहून असलं काही सांगायचं तिच्या जिवावर आलं. बस घेऊन ती ईस्ट कोस्टला उतरली. उन्हं कलली होती पण उकाडा तसाच, सायकलवाले, कुत्री फिरवणाऱ्या मोलकरणी, कुणाची तरी वाढदिवसाची फुग्यांची कमान. समुद्रावर जहाजं नांगरून उभी, क्षितिजापर्यंत, रस्त्यावर ट्रक लागावेत तशी. ही रोजचीच. त्यातलं कुठलं तिचं नव्हतं, तिचं फार लांब होतं, आणि आता ते कुठे चाललंय, चाललंय का, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. उद्या कार्डाने ऑफिसचं दार उघडतं का यावरून बहुधा कळेल.

पाण्याकडे तोंड असलेला एक बाक रिकामा होता. खरोखर रिकामा, तिने नीट पाहून घेतलं. तिने चपला काढून खाली ठेवल्या. मग पर्स उघडून टिश्यूचं पुडकं काढलं आणि बाकाच्या मधोमध ठेवलं. जरा सरळ केलं.

पाणी कोमट होतं, गेल्या वेळच्या मानाने तर अंघोळीचंच. घोटा. पोटरी. मांडी. सलवार भिजली, भिजू दे. फोनवर गार्गीचा मेसेज, तिच्या इथल्या इंग्रजीत: आई, पापा मेड साबुदाणा खिचडी, सो स्टिकी ला, यू कम सून ऑर नॉट? ती सांगणार होती. घरी गेल्यावर, ती चिकट खिचडी खाता खाता, दोघांनाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता; नोव्हेंबर, पास, घर, सगळं टेबलावर मांडून. शिरीष काय म्हणेल ते तिला माहीत नव्हतं. भीती होती, ती कुठे गेलेली नव्हती. फक्त आता तिच्यावरून काही मोजायचं नव्हतं.

तिने सवयीने पुढचा पाय जरा थांबवला, काठी नसताना. मग टेकवला. वाळू होती, लाटांनी वळ्या पाडलेली, घट्ट.

मागे आवाज झाला म्हणून तिने वळून पाहिलं. एक जोडपं, हातात नारळपाणी, बाकापाशी आलं होतं. त्यांनी पुडकं पाहिलं, खालच्या चपला पाहिल्या, मग पाण्यात उभ्या असलेल्या, मांडीपर्यंत भिजलेल्या, टिकली लावलेल्या बाईकडे पाहिलं. शैलाने नजर वळवली नाही. नुसती बघत राहिली, एक शब्द न बोलता.

बघू या, कोण उचलतं.